चुकलेली गोळी कुठे जाते?

स्वसंरक्षणासाठी रायफल बरी की पिस्तूल, या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते, ती म्हणजे झाडलेली गोळी लागणारच. मग उरतो तो फक्त जोराचा आणि सोयीचा हिशेब. रायफल एका गोळीत माणूस आडवा करते, असं एक बाजू म्हणते; पिस्तूल कमरेला लावता येतं, उशाशी ठेवता येतं, असं दुसरी म्हणते. प्रत्यक्षात झटापटीत झाडलेल्या बहुतेक गोळ्या लागतच नाहीत. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या गोळीबारांच्या नोंदी तपासल्या. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरांपैकी सरासरी अठरा गोळ्या लागल्या होत्या. समोरचा गोळी झाडत नसतानाही हे प्रमाण तिसाच्या वर गेलं नाही. ही माणसं शस्त्राचा सराव नोकरीचा भाग म्हणून करणारी. त्याच शहरात ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या. तो मेला, पण रस्त्याने जाणारे नऊ जणही जखमी झाले आणि ते सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. म्हणून शस्त्र निवडताना दोन प्रश्न आधी विचारायला हवेत, असं माझं मत आहे. चुकलेली गोळी कुठे जाईल? आणि ज्या दिवशी शस्त्र चालवायचं नाही, त्या दिवशी, म्हणजे जवळजवळ रोजच, ते कुठे आणि कुणाच्या हाताच्या अंतरावर असेल?

त्याआधी एक मूलभूत गैरसमज दूर करू. परवाना मिळाला की दुकानात जाऊन मनाला येईल ते शस्त्र घेता येतं, असं अनेकांना वाटतं. भारतात ही निवड बरीचशी कायद्यानेच करून ठेवलेली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ९ मिलिमीटरचं पिस्तूल किंवा .३०३ रायफल ही ‘प्रतिबंधित बोअर’ची शस्त्रं, सामान्य नागरिकाच्या वाट्याला ती येत नाहीत. उरतं ते मुख्यतः .३२ चं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, .२२ आणि .३१५ च्या रायफली, आणि गुळगुळीत नळीची बारा बोअरची बंदूक. यातल्या .३१५ च्या जन्माची गोष्ट बोलकी आहे. सैन्याचं .३०३ काडतूस प्रजेच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश काळात नागरी वापरासाठी वेगळं माप पुढे आणलं गेलं, आणि तेच आजवर टिकलं आहे. बोलीभाषेत आपण या सगळ्यांना सरसकट ‘बंदूक’ म्हणतो, पण कायदा तसं म्हणत नाही. कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांना वेगळं, तुलनेने सोपं स्थान दिलेलं आहे. रायफल, पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर हवं असेल तर ‘सबळ कारण’ आहे याची परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला खात्री पटवावी लागते. कोकणातल्या वाड्यांमध्ये वानर आणि रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक दिसते, रिव्हॉल्वर दिसत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं बाळगता येतात.

आता जोराचा मुद्दा. रायफलीची गोळी जास्त जोरकस असते, यात वाद नाही. .३२ ची गोळी सेकंदाला साधारण दोनशे ते तीनशे मीटर वेगाने जाते, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू. .३१५ ची गोळी वजनाला दुपटीहून जड, आणि तिचा वेग सहाशे मीटरच्या आसपास. ऊर्जेत दोघींमध्ये दहापटीहून जास्त अंतर पडतं. गैरसमज आहे तो यापुढे: जोर जास्त म्हणजे माणूस जागच्या जागी कोसळणार. पडद्यावर गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो, खऱ्या आयुष्यात तसं होत नाही. मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली तरच हालचाल तत्क्षणी थांबते. एरवी रक्तस्राव होऊन शुद्ध हरपेपर्यंत माणूस हिंडू-फिरू शकतो. हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो, हे एफबीआयने १९८९ च्या आपल्या अभ्यासात स्पष्ट लिहून ठेवलं. तो अभ्यास ज्या घटनेमुळे झाला ती ११ एप्रिल १९८६ ची, मायामीची. दोन दरोडेखोरांना पकडायला गेलेल्या पथकाशी चकमक झाली. मायकेल प्लॅट या दरोडेखोराला सुरुवातीलाच पिस्तुलाची एक गोळी दंडातून छातीत लागली, फुप्फुस निकामी करून ती हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती. तरीही प्लॅट रायफल चालवत राहिला. चकमक संपेपर्यंत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले होते आणि पाच जखमी झाले होते.

यावर कुणी म्हणेल, मग रायफलच घ्यावी. मायामीत पिस्तुलं हरली आणि रायफल भारी पडली. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते जोरापेक्षाही नेमाबाबत जास्त आहे. पिस्तूल लहान म्हणून चालवायला सोपं, हा कदाचित सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज असावा. रायफल खांद्याला टेकते, गालाला टेकते आणि दोन्ही हातांत असते. पिस्तूल नुसत्या हातांवर तरंगतं. शिवाय साधं भूमितीचं गणित आहे. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात दहा सेंटिमीटर अंतर असेल आणि हात थरथरून माशी एक मिलिमीटर सरकली, तर सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर बाजूला जाते. रायफलीवर हेच अंतर पन्नास सेंटिमीटर असलं तर तेवढ्याच थरथरीने गोळी दीड सेंटिमीटरही हटत नाही. नळी जितकी आखूड, चूक तितकी मोठी. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे .३२ चं हलकं रिव्हॉल्वर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात आहे यावर भरपूर चर्चा झाली. पर्समध्ये मावेल असं शस्त्र नेमाच्या दृष्टीने सर्वांत अवघड असतं आणि त्याला सर्वांत जास्त सराव लागतो, हे फार कमी जणांनी सांगितलं. सरावाची मैदानं आपल्याकडे मोजकी, काडतुसांवर कायद्याची मर्यादा. ज्या बाईला खरोखर धोका आहे तिला हे आधी सांगणं आपलं कर्तव्य होतं.

तरीही घरातल्या संरक्षणासाठी मी रायफलीची शिफारस करणार नाही, आणि याचं कारण चुकलेली गोळी. इंटरनेटवर एक अमेरिकी युक्तिवाद फार फिरतो: रायफलीची गोळी उलट कमी भिंती भेदते. तिथे तो अगदी खोटा नाही. तिकडच्या घराघरांतल्या रायफली .२२३ मापाच्या, त्यांच्या काही हलक्या, वेगवान गोळ्या पहिल्याच आडोशाला आपटून फुटतात किंवा कोलांट्या खातात, आणि तिथल्या पातळ जिप्समच्या भिंतींमधून पिस्तुलाची जड, संथ गोळी काही चाचण्यांत त्यांच्यापेक्षा पुढे गेलेली आहे. पण हा सल्ला जसाच्या तसा नाशिकच्या किंवा सावंतवाडीच्या घराला लावता येत नाही. आपल्याकडे नागरिकाला मिळते ती .३१५ ची जड गोळी. आपली भिंत विटांची, तिच्यात पिस्तुलाची गोळी बहुधा अडकते. पण आपल्या घरात नुसत्या भिंती नसतात. लाकडी दार असतं, काचेची खिडकी असते, गॅलरी असते, वर पत्रा असतो, आणि समोर वीस-पंचवीस फुटांवर दुसऱ्याचं स्वयंपाकघर असतं. मोकळ्या सुटलेल्या रायफलीच्या गोळीला थांबायला गाव अपुरं पडतं. अगदी छोट्या .२२ च्या काडतुसांच्या डब्यावरसुद्धा ती मैलभराहून दूर धोकादायक असल्याचा इशारा छापलेला असतो. दरवाजाच्या चौकटीत आणि जिन्याच्या वळणावर लांब नळी अडते ती गोष्ट वेगळीच.

बारा बोअरच्या बंदुकीला नेम लागत नाही, छर्रे आपोआप पसरतात, हाही समज तपासावा असा आहे. शुद्ध शिशाच्या एका पौंडात नळीच्या मापाचे बारा गोळे बसतात, म्हणून हे ‘बारा बोअर’. घरातल्या चार-पाच मीटरच्या अंतरात छर्रे जेमतेम तळहाताएवढे पसरतात, त्यामुळे नेम इथेही लागतोच. फायदा एवढाच की बारीक छर्ऱ्यांचा जोर थोड्या अंतरात ओसरतो आणि दूरच्या घराला असलेला धोका रायफलीच्या मानाने खूप कमी होतो. कायद्याने संरक्षणासाठी गुळगुळीत नळीला वेगळी वागणूक दिली, ती या दृष्टीने मला शहाणपणाची वाटते.

रायफलीचा धोका घराबाहेरच्यांना असतो, तर पिस्तुलाचा घरातल्यांना, आणि याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६३ लाख प्रौढांच्या २००४ ते २०१६ या काळातल्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट होतं, स्त्रियांमध्ये पस्तीसपट. त्याच संशोधकांनी २०२२ मध्ये घरातल्या इतर माणसांचं काय होतं ते पाहिलं. ज्यांच्या स्वतःच्या नावावर शस्त्र नाही, पण जे शस्त्रधारकाबरोबर राहतात, अशा लोकांचा जोडीदाराच्या गोळीने मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या सातपट निघालं, आणि असे मेलेल्यांत बहुसंख्य बायका होत्या. अनोळखी हल्लेखोरापासून घर जास्त सुरक्षित झाल्याचा ठोस पुरावा मात्र या अभ्यासात मिळाला नाही.

कॅलिफोर्निया म्हणजे महाराष्ट्र नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तिथे शस्त्र मिळवणं सोपं, इथे परवान्यासाठी पोलिसांची चौकशी होते, २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षा प्रशिक्षणही आणलं. मरायचंच ज्याच्या मनात आहे तो दुसरा मार्ग शोधेलच, असंही लोक म्हणतात. पण हे म्हणणं चुकीचं असल्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं एकूण प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. बहुतेकांनी दुसरा मार्ग शोधला नाही. हाताशी साधन नव्हतं, आणि तो क्षण टळला. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत कोपऱ्यात ठेवलेल्या विषाच्या बाटलीने काय केलं हे ज्या समाजाने पाहिलं आहे, त्याला भरलेलं रिव्हॉल्वर उशाखाली ठेवण्याचा अर्थ वेगळा समजवायला नको. उशाखालचं शस्त्र चोरासाठी असतं, पण त्याच्या सर्वांत जवळ असतात ते मुलगा, सून आणि दारू पिऊन आलेला भाऊ.

परवाना म्हणजे मारण्याची परवानगी, हा गैरसमजही अनेकांना तुरुंगापर्यंत नेऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि सूर्यास्तानंतर होणाऱ्या घरफोडीसारख्या काही प्रसंगांत तो जीव घेण्यापर्यंतही जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू मांडल्या: जिवावर बेतलेल्या माणसाने आपल्या कृतीचं सोन्याच्या तराजूत वजन करावं अशी अपेक्षा नाही, तसंच धोका टळल्यावर सूड म्हणून केलेला वार स्वसंरक्षण ठरत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत लागलेली गोळी .३२ ची होती की .३१५ ची, याने तिथे काहीच फरक पडत नाही. चुकून शेजाऱ्याला लागली तर त्याचाही जाब झाडणाऱ्यालाच द्यावा लागतो.

मग निवडायचं काय? वस्तीतल्या घरासाठी रायफल नको, असं मी ठामपणे म्हणेन. धमक्यांची नोंद पोलिसांत आहे, धोका घरापुरता नाही आणि माणूस नियमित सरावाला तयार आहे, अशा मोजक्या लोकांसाठी .३२ चं रिव्हॉल्वर समजण्यासारखं आहे. तेही कुलपाच्या पेटीत, आणि घरात नैराश्य, व्यसन किंवा मारहाण असेल तर तेही नको. आडरानातल्या शेतावर गुळगुळीत नळीची बंदूक पुरते. बाकीच्यांनी त्याच पैशात आधी दाराची जाळी, मजबूत कडी, अंगणातला दिवा, शेजाऱ्यांशी ठरवलेली हाक आणि ११२ या क्रमांकाची सवय एवढं करून घ्यावं. शस्त्रधारकालाही याची गरज पडतेच. निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्यातली छाननी समिती परवान्यांची यादी तपासते, आणि ज्यांना आदेश मिळतो त्यांचं शस्त्र निकाल लागेपर्यंत जमा राहतं. तेवढे आठवडे त्या घराच्या रक्षणाला दाराची कडी आणि अंगणातला दिवाच असतो.