तीन वर्षांच्या रविवारांचा आकडा

कविता लिहिणाऱ्या माणसानं आकड्यांवर काय बोलावं, असं तुमच्या मनात येईल. पण वृत्तात लिहायचं तर मात्रा मोजाव्या लागतात, आणि मोजायची गोडी लागली की आकड्यांशीही ओळख होते. आज एका एकवीस अंकी संख्येशी तुमची ओळख करून देतो : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

हिचा जन्म सोपा आहे. दोन हा आकडा ६७ वेळा मांडून गुणाकार करा आणि उत्तरातून एक वजा करा. अशा संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचं नाव मिळालं. याच रीतीनं ३, ७, ३१, १२७ मिळतात. या साऱ्या मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज कशानंच भाग न जाणाऱ्या. मात्र दोन ११ वेळा घेतला की २०४७ येतात आणि ते २३ गुणिले ८९ असे फुटतात. त्यामुळे प्रत्येक संख्या वेगळी तपासावी लागते.

१६४४ मध्ये मर्सेन यांनी आपली एकवीस अंकी संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली. पुढं दोनशेहून अधिक वर्षांनी, १८७६ मध्ये, एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं ती मूळ नाही असं दाखवलं. गंमत अशी, की त्यांच्या रीतीनं संख्या फुटते एवढंच कळत होतं. कोणत्या संख्यांनी, हे कळत नव्हतं. घरात चोर शिरलाय हे पक्कं, पण तो कोण याचा पत्ता नाही!

तो पत्ता ऑक्टोबर १९०३ मध्ये लागला. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला त्यांनी दोनाचा गुणाकार करून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं एकच आली. कोल एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. एरिक टेंपल बेल या गणितज्ञांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. या कामाला किती वेळ लागला, असं त्यांनी पुढं विचारलं तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

जो गुणाकार ताळ्यासह तासाभरात होतो, तो उलट्या दिशेनं सोडवायला तीन वर्षं लागली. जोडणं सोपं, फोडणं अवघड. हा निव्वळ खेळ राहिला नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अडचणीवर गुप्त संदेशांचं कुलूप घडवलं. दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार सर्वांना उघड सांगायचा, त्या दोन संख्या मात्र लपवायच्या. इंटरनेटवरच्या व्यवहारांचं रक्षण करण्यात या कुलपाचा मोठा वाटा आहे. आपली एकवीस अंकी संख्या आजचा संगणक क्षणात फोडतो. म्हणून कुलपासाठी सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या घेतात.

आज रविवारच आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि नवाचा ताळा करून बघा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, उत्तराची १०९. पुन्हा पुन्हा बेरीज केली की तिन्हींचा शेवट एकावर होतो, आणि एक गुणिले एक म्हणजे एकच. ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबर असेलच असं नाही, पण न जुळता तर नक्की चुकला असता. पूर्ण खात्री हवी असेल, तर अख्खा गुणाकार करा. त्याला एक रविवार पुरे.