मराठवाड्यातील धावपट्टी: ऊन, वळीव आणि काळी माती

नांदेडचे श्री गुरु गोबिंदसिंघजी विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 380 मीटर, तर लातूरचे सुमारे 630 मीटर उंचीवर आहे. दोन्हीकडे धावपट्टी एकच आणि तिची लांबी सुमारे 2,300 मीटर. ही लांबी बारा महिने तीच असली, तरी वैमानिकाच्या हिशेबात मे, जुलै आणि डिसेंबरमधली धावपट्टी सारखी नसते. तापमान, वारा आणि डांबरावरचे पाणी यांनुसार तिची उपयोगी पडणारी लांबी कमी-जास्त होते.

विमान शक्यतो वाऱ्याच्या समोरून उतरते आणि समोरूनच उडते. वारा समोरून आला की जमिनीवरचा वेग कमी राहतो आणि धाव थोडक्यात आटोपते. धावपट्टीला क्रमांक मिळतो तो होकायंत्रावरच्या दिशेवरून. नांदेडच्या धावपट्टीची टोके 10 आणि 28 अशी ओळखली जातात, म्हणजे विमानाचे तोंड साधारण 100 अंशांना, पूर्वेकडे, किंवा 280 अंशांना, पश्चिमेकडे असते. पावसाळ्यात वारे पश्चिमेचे, म्हणून 28 सोयीची. हिवाळ्यात ते पूर्व-ईशान्येकडे फिरले की 10. वारा आडवा असेल, तर विमान नाक किंचित वाऱ्याकडे ठेवून तिरके खाली येते आणि चाके टेकण्याच्या सुमारास सरळ केले जाते. प्रत्येक विमानाला किती आडवा वारा चालतो, याची मर्यादा ठरलेली असते आणि ओल्या धावपट्टीवर ती आणखी खाली येते.

उन्हाळ्यात अडचण उष्णतेची. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. लातूरच्या उंचीवर प्रमाण तापमान सुमारे 11 अंश सेल्सियस धरतात. मे महिन्यातल्या दुपारी पारा 42 अंशांवर गेला, की तिथली हवा प्रमाण वातावरणात सुमारे 1,800 मीटर उंचीवर असते तितकी विरळ होते. लातुरातून निघालेले विमान जणू महाबळेश्वरापेक्षाही उंच ठिकाणाहून उडते. उड्डाणासाठी त्याला जास्त वेग घ्यावा लागतो, धाव लांबते आणि चढ मंदावतो. यावर उपाय दोनच: वजन कमी करणे किंवा सकाळच्या गारव्यात निघणे. डिसेंबरच्या पहाटे 11-12 अंशांना हाच हिशेब जवळपास खऱ्या उंचीवर येतो.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. त्यांच्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाफ होऊ लागतो. त्यामुळे हवा थंड आणि जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. उतरणारे विमान त्यात सापडले, तर आधी समोरचा वारा वाढतो आणि विमान वर उचलले जाते. काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येतो आणि उचल एकदम तुटते. हा झोत बहुधा पाच ते पंधरा मिनिटांत ओसरतो. म्हणूनच अशा वेळी उतरण्याची घाई न करता दूर घिरट्या घालत थांबणे हाच शहाणपणा. 25 मे 2017 रोजी निलंग्याहून उडालेले तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर काही क्षणांतच खाली आले आणि तारांमध्ये अडकून कोसळले. आतले सर्वजण बचावले. वाऱ्यात अचानक झालेला बदल, असे कारण तेव्हा सांगण्यात आले होते. वळवाबरोबर गारांचाही धोका असतो. फेब्रुवारी-मार्च 2014 मधल्या गारपिटीने मराठवाड्याला झोडपून काढले होते.

पावसाळ्यात प्रश्न चाकाखालच्या पाण्याचा. धावपट्टी मधोमध किंचित उंच आणि कडांकडे उतरती ठेवतात, ती पाणी वाहून जावे म्हणून. डांबराला खळगा पडला की तिथे डबके साचते. वेगात असलेले चाक पाणी बाजूला सारू शकले नाही, तर ते पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि ब्रेक निरुपयोगी होतात. टायरमधला दाब चौरस इंचाला 100 पौंड असेल, तर ही वेळ साधारण ताशी 165 किलोमीटरला येते. उतरताना टेकले जाणारे टायर डांबरावर रबराचा थर सोडतात. तो वेळोवेळी खरवडला नाही, तर ओल्या डांबरावरची पकड आणखी सुटते.

4 नोव्हेंबर 2021 पासून जगभर धावपट्टीची स्थिती एकाच पद्धतीने कळवली जाते. धावपट्टीचे तीन भाग पाडून प्रत्येकाला 0 ते 6 असा अंक देतात. कोरड्या भागाला 6, ओल्या भागाला 5. पाणी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खोल साचले, की अंक एकदम 2 वर येतो. बर्फाचे रकाने नांदेडला कधीच भरावे लागत नाहीत, पण ‘ओले’ आणि ‘साचलेले पाणी’ यांतला फरक जुलैत फार मोलाचा ठरतो. त्यात पाठीचा वारा असेल, तर धोका दुणावतो. कोझिकोडला 7 ऑगस्ट 2020 रोजी पावसात, पाठीच्या वाऱ्यासह उतरणारे विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले आणि टोकापलीकडे घसरले. त्यात 21 जणांचे प्राण गेले.

मराठवाड्यात याला काळ्या मातीची जोड आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या फुगण्या-आकसण्याने वरचे डांबर वर-खाली होते, तडे जातात आणि तड्यांतून पाणी आत शिरते. म्हणून धावपट्टीखाली पुरेशी माती काढून मुरूम आणि खडीचे थर भरावे लागतात आणि कडेचे चर मोकळे ठेवावे लागतात. धावपट्टीवरून बाजूला गेलेल्या विमानाची चाके भिजलेल्या काळ्या मातीत रुततात, तो धोका निराळाच. पावसाने माजलेल्या गवतात किडे आणि उंदीर वाढतात, त्यांच्यामागे घारी येतात. म्हणून गवताची कापणीही सुरक्षेचाच भाग ठरते.

हिवाळ्यात वारा मंद आणि आकाश निरभ्र असते. रात्री जमीन लवकर निवते आणि गोदावरीच्या काठी पहाटे धुके किंवा धुरकट हवा साचते. किती अंतरावरचे दिसले म्हणजे उतरता येते, हे विमानतळावरच्या उपकरणांवरून ठरते. उपकरणे साधी असतील, तर दृश्यमानता जास्त लागते. सूर्य वर आला की धुके बहुतेकदा विरते, त्यामुळे पहाटेचे विमान तासाभराने उशिरा आले, तर त्यात नवल नाही.

ही सारी माहिती वैमानिकाकडे ठरावीक साच्यातल्या हवामान अहवालातून येते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. 0330 म्हणजे आपले सकाळचे नऊ. वारा 260 अंशांवरून 8 नॉट, दृश्यमानता 3,000 मीटर, तापमान 27, दवबिंदू 25 असे वाचले, की नांदेडला 28 क्रमांकाची दिशा योग्य हे लगेच कळते. तापमान आणि दवबिंदू यांत दोनच अंशांचे अंतर म्हणजे हवा जवळपास संपृक्त, ढग खाली उतरण्याची शक्यता. शेवटी हवेचा दाब असतो. तो उंचीमापकावर लावायचा. एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंची सुमारे आठ मीटरने चुकते.

एवढे करूनही उतरता येईलच, याची खात्री नसते. म्हणून निघण्याआधीच पर्यायी विमानतळ ठरवतात. नांदेडपासून हवाई अंतराने छत्रपती संभाजीनगर सुमारे 215, तर हैदराबाद सुमारे 245 किलोमीटर आहे. तिथवर पोचण्याचे इंधन आणि त्यावर, टर्बाइन इंजिनाच्या विमानात, आणखी 30 मिनिटांचे राखीव इंधन टाकीत असावे लागते. पण जादा इंधन म्हणजे जादा वजन, आणि मे महिन्यातल्या दुपारी नेमके तेच परवडत नाही. अशा वेळी काही प्रवासी किंवा सामान मागे ठेवायचे की ऊन उतरेपर्यंत थांबायचे, हा निर्णय इंजिन सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो.