जॉन स्टार्क : रॅगटाइम संगीताचा प्रकाशक आणि एका सेंटचा करार

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रण घरोघरी पोहोचण्यापूर्वी अमेरिकेत एखादी लोकप्रिय रचना विकत घेणे म्हणजे तिची छापील स्वरलिपी विकत घेणे होते. मध्यमवर्गीय घरांत पियानो असे. दुकानातून चार-सहा पानांचे ‘शीट म्युझिक’ आणून ते घरीच वाजविले जाई. आपल्याकडे पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांमुळे स्वरलिपी परिचित झाली, परंतु ती शिक्षणाचे साधन म्हणून. सुट्या प्रतींनी बाजारात खपणारी वस्तू म्हणून नव्हे. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे त्या काळी प्रकाशकाच्या हाती किती सत्ता होती, हे उमगते. जॉन स्टिलवेल स्टार्क (१८४१-१९२७) यांच्या चरित्राच्या आधारे या सत्तेचा, विशेषतः रचनाकाराच्या मोबदल्याच्या अंगाने, विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वायुष्य :

स्टार्क यांचा जन्म केंटकी राज्यातला, बालपण इंडियानातले. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात बिगुलवादक होते. १८६५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे त्यांचा सारा अ‍ॅन केसी यांच्याशी विवाह झाला. पुढे मिसूरी राज्यात त्यांनी शेती केली, आइस्क्रीमचा धंदा केला, मग पियानो व ऑर्गन विकले. १८८० च्या दशकाच्या मध्यास ते सेडेलिया या रेल्वेच्या गावी स्थायिक झाले व तेथे त्यांनी वाद्यांचे दुकान थाटले. ज्या प्रकाशनामुळे त्यांचे नाव राहिले, ते हाती आले तेव्हा त्यांनी वयाची ५८ वर्षे ओलांडली होती.

करार व त्याचे स्वरूप :

सेडेलियातील कृष्णवर्णीयांच्या ‘मेपल लीफ क्लब’मध्ये स्कॉट जॉप्लिन हा तरुण पियानोवादक वाजवीत असे. त्याची शैली रॅगटाइमची होती : डाव्या हाताने समान लयीचा ठेका आणि उजव्या हाताने त्या ठेक्याला हुलकावणी देत जाणारी सुरावट. स्टार्क व जॉप्लिन यांच्या पहिल्या भेटीच्या अनेक आख्यायिका आहेत. त्यांत फारसे अडकण्याचे कारण नाही, कारण दोघांचा लेखी करारच उपलब्ध आहे. १० ऑगस्ट १८९९ च्या या करारानुसार ‘मेपल लीफ रॅग’च्या प्रत्येक प्रतीमागे जॉप्लिनला एक सेंट स्वामित्वधन मिळावयाचे होते. प्रत २५ सेंटांहून कमी दराने विकावयाची नाही, असेही ठरले. म्हणजे रचनाकाराचा वाटा या किमान किमतीच्या अवघा चार टक्के.

आज हा दर क्षुल्लक वाटेल. परंतु अल्पशी एकरकमी रक्कम देऊन रचना कायमची विकत घ्यावयाची, हीच त्या काळची रीत होती, आणि कृष्णवर्णीय रचनाकाराशी लेखी करार करून प्रत्येक प्रतीचा हिशेब देणे हे अपवादात्मकच होते. त्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या एका प्रकाशकाने छापलेल्या जॉप्लिनच्या ‘ओरिजिनल रॅग्ज’वर संयोजक म्हणून दुसऱ्याच व्यक्तीचे नाव झळकले होते. अर्थात स्टार्कही काळाच्या पलीकडचे नव्हते : ‘मेपल लीफ’च्या पहिल्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय जोडप्यांचे विडंबनात्मक चित्र होते, पुढील आवृत्त्यांत त्या जागी मेपलचे पान आले.

पहिल्या चारशे प्रती खपावयास सुमारे वर्ष लागले. जॉप्लिनच्या वाट्याचे झाले चार डॉलर. पुढे मात्र विक्री वाढत गेली. स्टार्क १९०० मध्ये सेंट लुईसला गेले, तेथे त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १९०२ मध्ये जॉप्लिनची ‘दि एंटरटेनर’ प्रसिद्ध केली. जेम्स स्कॉट यांच्या रचनाही त्यांनीच छापल्या. या निवडक रचनांना ते ‘क्लासिक रॅग’ म्हणत. आपल्या जाहिरातींचा अघळपघळ, काहीसा अलंकारिक मजकूर ते स्वतः लिहीत. त्यात दुकानदारी होती, पण ज्या संगीताला प्रतिष्ठित समाज हीन मानी, त्याला अभिजाततेचा दर्जा मागण्याचे धाडसही होते.

न्यूयॉर्कमधील वर्षे :

१९०५ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तेथील मोठे प्रकाशक शीट म्युझिक मोठ्या दुकानांतून अत्यल्प किमतीत विकत होते. दहा सेंटांची प्रत असलेल्या बाजारात पंचवीस सेंटांच्या प्रतीवर बेतलेला हिशेब टिकणे अवघड होते. याच काळात जॉप्लिनच्या शिफारशीने जोसेफ लॅम्ब हा नवोदित रचनाकार स्टार्क यांच्याकडे आला. त्याची ‘सेन्सेशन’ (१९०८) स्टार्क यांनी २५ डॉलरला घेतली, आणि पहिल्या हजार प्रती खपल्यावर आणखी २५ डॉलर देण्याचे कबूल केले. स्वामित्वधन नाहीच. हा तपशील महत्त्वाचा वाटतो. एका सेंटचा करार हे स्टार्क यांचे सार्वत्रिक तत्त्व होते, ही समजूत त्यामुळे तपासून घ्यावी लागते.

१९०९ च्या सुमारास जॉप्लिनशीही याच प्रश्नावर बिनसले. यापुढे स्वामित्वधन परवडणार नाही, ही स्टार्क यांची भूमिका, तर त्यावाचून रचना देणार नाही, ही जॉप्लिनची. व्यवहार म्हणून दोघांचीही बाजू समजण्याजोगी होती. मात्र तोट्याची झळ प्रथम कोणी सोसावी, हे ठरविण्याची मुभा फक्त प्रकाशकाला होती. जॉप्लिनने आपल्या नव्या रचना अन्यत्र दिल्या आणि ‘ट्रीमोनिशा’ हा ऑपेरा १९११ मध्ये स्वखर्चाने छापला.

पत्नीच्या आजारपणामुळे स्टार्क १९१० मध्ये सेंट लुईसला परतले. त्याच वर्षी सारा यांचे निधन झाले. ते तेथूनच प्रकाशन करीत राहिले. १ एप्रिल १९१७ रोजी जॉप्लिनचे निधन झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची ‘रिफ्लेक्शन रॅग’ बाजारात आली. तिच्यावर प्रकाशक म्हणून नाव होते स्टार्क यांचेच.