मोटारीचा स्टार्टर घरीं बदलतांना

दिवा-रोहा लोहमार्गावर नागोठण्याच्या पुढें निडी हें लहानसें स्टेशन आहे. समजा, आषाढांतल्या एका रात्रीं तेथील एखाद्या घरीं वृद्ध माणसाची प्रकृति एकाएकीं बिघडली. मोटार अंगणांत उभी आहे. परंतु किल्ली फिरवितांच ‘टक्’ असा आवाज होतो आणि इंजिन जागचें हलत नाहीं. दोष स्टार्टरचा असेल, कदाचित् नसेलहि. तो ओळखावा कसा, व स्टार्टर निकामी झालाच असेल तर घरच्या घरीं बदलावा कसा, हें प्रत्येक मोटारवाल्या गृहस्थानें जाणून घेण्यासारखें आहे.

इंजिनाला पहिली गति बाहेरून द्यावी लागते. पूर्वीं ती लोखंडी हँडल फिरवून देत. इंजिन उलटें उसळलें कीं फिरविणाराचें मनगट मोडे. अमेरिकेंतील चार्लस केटरिंग यानें विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत तो बसविण्यांत आला. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सीसेवेंतून निवृत्त झालेल्या पद्मिनी गाडीचा स्टार्टर काय किंवा आजच्या साध्या गाडीचा काय, मूळ तत्त्व एकच.

स्टार्टर म्हणजे एक लहान पण जोरकस विजेची मोटर. तिच्या टोंकाशीं थोड्या दांत्यांचें चिमुकलें चाक असतें. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर शंभराहून अधिक दांते असूं शकतात. त्यामुळें मोटरीचे दहा-पंधरा फेरे व्हावे तेव्हां इंजिनाचा एक फेरा होतो. वेग घटतो, पण जोर वाढतो. सोलेनॉइड हा भाग दोन कामें करतो: लहान चाक पुढें सरकवून मोठ्या चाकांत अडकवितो आणि बॅटरींतील जबर प्रवाह मोटरीला जोडून देतो. हा प्रवाह क्षणभर शंभर अँपिअरच्याहि वर जातो. म्हणूनच किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक धरूं नये.

परीक्षा सोपी आहे. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदीं मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते, किंवा तिच्या टोंकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड सांचलेली असते. ती घासून काढली कीं पुष्कळदां नवा स्टार्टर घेण्याचा खर्च वांचतो. दिवे प्रखर राहून नुसता एक ‘टक्’ झाला, तर संशय सोलेनॉइडवर किंवा मोटरीच्या झिजलेल्या कार्बन ब्रशांवर घ्यावा. मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाहीं, असें झालें तर लहान चाक मोठ्यांत अडकत नाहीं असें समजावें.

बदलण्याचें काम दिवसा, सपाट जागीं, इंजिन थंड झाल्यावर करावें. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा, चाकांना उटी लावावी व किल्ली काढून घ्यावी. गाडीखालीं शिरणें भाग असेल तर केवळ जॅकवर कधींहि विसंबूं नये; भक्कम स्टँड लावावेत. जॅक घसरला तर माणूस जातो.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. ती आधीं सोडण्याचें कारण असें कीं, स्टार्टरची जाड धन तार सोडतांना पाना गाडीच्या अंगाला लागला, तरी ठिणगी उडत नाहीं. मग स्टार्टरवरील तारांना खुणा करून त्या काढाव्या. कोंकणच्या दमट हवेंत बोल्ट गंजतात. आदल्या रात्रीं त्यांवर गंज सोडविणारें तेल टाकून ठेवावें, म्हणजे ते तुटत नाहींत. दोन-तीन बोल्ट निघाले कीं स्टार्टर एकदम खालीं येतो. तो कित्येक किलो वजनाचा असल्यामुळें शेवटचा बोल्ट काढतांना दुसऱ्या हातानें आधार द्यावा.

नवा स्टार्टर जुन्याशेजारीं ठेवून दांते आणि बोल्टांचीं छिद्रें जुळतात कीं नाहीं तें पहावें. बसविण्याची जागा घासून स्वच्छ करावी. कारण बहुतेक गाड्यांत परतीचा प्रवाह त्याच धातूंतून वाहतो. बोल्ट आळीपाळीनें सारखे आवळावेत, तारा खुणेप्रमाणें जोडाव्या व बॅटरीची ऋण तार सर्वांत शेवटीं लावावी. कित्येक नव्या गाड्यांत स्टार्टर अनेक भागांमागें दडलेला असतो. तेथें हट्ट न धरतां कारागीर बोलवावा.

आणि त्या रात्रीचें काय? हातानें गिअर बदलण्याची गाडी असेल, तर किल्ली चालू ठेवून, दुसरा गिअर टाकून व क्लच दाबून तिघांनीं ती ढकलावी. वेग आल्यावर क्लच सोडतांच इंजिन बहुधा सुरू होतें. तेवढ्यांत घरांतील दुसऱ्यानें १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. यंत्राची दुरुस्ती सकाळींहि करतां येते. रुग्णाला तेवढी सवड नसते.