पीडीपी-११ वर नेटवर्क सर्व्हर व क्लायंट आज्ञावलींची मांडणी

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९७० साली बाजारात आणलेला पीडीपी-११ हा सोळा बिटांचा मिनिकॉम्प्युटर, युनिक्स कार्यप्रणालीचे बालपण ज्याच्या आश्रयाने गेले ते यंत्र म्हणून संगणकशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्या यंत्रावर आज टीसीपी-आयपी पद्धतीचे नेटवर्क चालविता येते, त्यावर सर्व्हर उभा करता येतो, आणि दुसऱ्या यंत्रावरील सर्व्हरशी बोलणारी क्लायंट आज्ञावलीही लिहिता येते. हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. त्याचे उत्तर केवळ जुन्या वस्तूंच्या आवडीत नाही. आधुनिक यंत्रावर पहिले नेटवर्क पाठ गिरविणाऱ्या विद्यार्थ्यास ज्या गोष्टी यंत्र परस्पर सांभाळून घेते, त्या सर्व पीडीपी-११ वर उघड्या पडतात. आणि असे दिसून येते की, येथील खऱ्या अडचणी नेटवर्कच्या नव्हेतच. त्या पत्त्याच्या आवाक्याच्या आणि संख्येच्या लांबीच्या आहेत.

प्रथम आवाक्याचा विचार करू. सोळा बिटांच्या पत्त्याने ६४ किलोबाइटपलीकडे पाहता येत नाही. पीडीपी-११/७० सारख्या यंत्रात प्रत्यक्ष स्मृती ४ मेगाबाइटपर्यंत बसविता येत असली, तरी कोणत्याही एका क्षणी चालू आज्ञावलीला दिसणारी खिडकी तेवढीच राहते. थोरल्या यंत्रांत आज्ञांसाठी एक व माहितीसाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र खिडक्या असतात. म्हणजे मर्यादा दुप्पट होते, नाहीशी होत नाही. उलट १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ४.२ बीएसडी या युनिक्समधील नेटवर्कचा भाग बत्तीस बिटांच्या व्हॅक्स यंत्रासाठी लिहिलेला होता, आणि तो लिहिणाऱ्यांस जागेची अशी चणचण भासलेली नव्हती. हा भाग पीडीपी-११ च्या कर्नलमध्ये जसाच्या तसा घालणे म्हणजे पेटीत न मावणारे अंथरूण पेटीत कोंबणे होय.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या २.११ बीएसडी या आवृत्तीतील तोड मोठी चतुर आहे. पीडीपी-११ च्या थोरल्या यंत्रांत कर्नल, सुपरवायझर आणि वापरकर्ता अशा तीन अवस्था असून प्रत्येकीस स्वतःचा पत्त्यांचा नकाशा असतो. युनिक्सला दोनच अवस्था पुरत असल्यामुळे मधली सुपरवायझर अवस्था वर्षानुवर्षे रिकामी पडून होती. नेटवर्कचा सारा भाग तेथे हलविण्यात आला. त्यामुळे मूळ डिरेक्टरीत 'युनिक्स' व 'नेटनिक्स' अशा दोन फाइली दिसतात. पहिलीत कर्नल असतो, दुसरीत नेटवर्क. हार्डवेअर निर्माण करणाऱ्यांनी एका हेतूने ठेवलेली सोय पुढे दुसऱ्यांनी भलत्याच हेतूने वापरावी, याचे याहून सुंदर उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. यावरून हेही स्पष्ट होईल की, पीडीपी-११/२३ किंवा ११/३४ यांसारख्या धाकट्या यंत्रांवर, जेथे आज्ञा व माहितीच्या खिडक्या वेगळ्या नाहीत, तेथे ही पद्धत लागू पडत नाही. ११/४४, ११/७०, ११/७३ किंवा तत्सम यंत्र हवे.

असे यंत्र प्रत्यक्ष हाती असणे दुर्मीळ. परंतु बॉब सुपनिक यांनी सुरू केलेला 'सिमएच' हा सिम्युलेटर साध्या संगणकावर हेच यंत्र हुबेहूब उभे करतो, आणि जानेवारी २००२ मध्ये काल्डेरा कंपनीने जुन्या युनिक्सला दिलेल्या मुक्त परवान्यामुळे मूळ आज्ञावली मिळविण्यात कायद्याची अडचणही उरलेली नाही. सिम्युलेटरमध्ये युनिबस असलेल्या यंत्रास 'एक्सयू' आणि क्यू-बस असलेल्या यंत्रास 'एक्सक्यू' या नावाचा ईथरनेट नियंत्रक जोडावा लागतो. येथे एक इशारा आवश्यक आहे. लिनक्सवर हा नियंत्रक यजमान संगणकाच्या ईथरनेट कार्डाला थेट जोडल्यास पीडीपी-११ शेजारच्या सर्व यंत्रांशी बोलतो, मात्र ज्याच्या पोटात तो चालला आहे त्या यजमानाशी बोलू शकत नाही. यजमानावर 'टॅप' नावाचे कृत्रिम कार्ड निर्माण करून ते पुलाने जोडले म्हणजे ही अडचण दूर होते. पुष्कळांचा पहिला दिवस याच कोड्यात जातो व दोष विनाकारण युनिक्सच्या माथी मारला जातो.

यानंतर कर्नल पुन्हा बांधणे आले. मांडणीच्या फाइलीत इंटरनेटचा पर्याय चालू करून आपल्या नियंत्रकाची संख्या एक करावयाची, आणि मग 'कॉन्फिग' व 'मेक' चालवावयाचे, इतके हे सोपे वाटते. परंतु पत्त्याच्या आवाक्याचा प्रश्न येथे पुन्हा डोके वर काढतो. कर्नलमधील आज्ञा एकदम मावत नसल्याने त्यांचे ओव्हरले म्हणून तुकडे पाडलेले असतात. मुख्य भाग कायम दिसतो व तुकडे आळीपाळीने एकाच जागी येतात. प्रत्येक तुकडा ८ किलोबाइटच्या आत राहिला पाहिजे. नवा पर्याय घातला की एखादा तुकडा मर्यादा ओलांडतो आणि जोडणी थांबते. अशा वेळी मेकफाइल उघडून कोणती फाइल कोणत्या तुकड्यात बसवावी हे हाताने ठरवावे लागते. काम कंटाळवाणे खरे, पण कर्नलचा कोणता भाग कोणास हाक मारतो हे त्यावाचून इतक्या नेमकेपणाने कळत नाही. तयार झालेल्या 'युनिक्स' व 'नेटनिक्स' या दोन्ही फाइली नेहमी एकत्रच बदलाव्यात. यंत्राचे नाव व आयपी पत्ता 'इटीसी' डिरेक्टरीतील 'नेटस्टार्ट' या फाइलीत, शेजाऱ्यांची नावे 'होस्ट्स' मध्ये आणि सेवांचे पोर्ट क्रमांक 'सर्व्हिसेस' मध्ये लिहिले की यंत्र सज्ज झाले.

आता आज्ञावलीकडे वळू. उदाहरणादाखल १९८३ सालच्या आरएफसी ८६८ मध्ये सांगितलेली 'टाइम' ही सेवा घेतली आहे, कारण तिच्याइतकी लहान सेवा क्वचितच असेल. क्लायंटने पोर्ट ३७ वर जोडणी करावी, सर्व्हरने १ जानेवारी १९०० पासून लोटलेल्या सेकंदांची संख्या चार बाइटांत पाठवून जोडणी बंद करावी, इतकेच. सर्व्हर स्वतंत्र चालवावयाचा असल्यास 'सॉकेट' ने संवादाचे टोक निर्माण करावयाचे, 'बाइंड' ने त्यास पोर्ट बहाल करावयाचा, 'लिसन' ने वाट पाहावयाची आणि 'ॲक्सेप्ट' ने येणाऱ्या प्रत्येकास दार उघडावयाचे, हा क्रम आहे. क्लायंटचे काम त्याहून थोडे: 'सॉकेट', 'कनेक्ट', आणि मग वाचणे. १०२४ खालील पोर्ट घेण्यास सर्व्हरला मुख्य वापरकर्त्याचे अधिकार लागतात.

तथापि पीडीपी-११ वर प्रत्येक सेवेसाठी एकेक सर्व्हर अखंड जागा ठेवणे ही उधळपट्टी होय. त्यासाठी 'आयनेटडी' हा एकच द्वारपाल सर्व पोर्टांवर कान ठेवून बसतो, आणि पाहुणा आला की संबंधित आज्ञावली जागी करून तिचे इनपुट व आउटपुट दोन्ही सॉकेटला जोडून देतो. परिणाम असा की, सर्व्हरला नेटवर्कचे काहीही ज्ञान असावे लागत नाही. तो वेळ विचारतो, चार बाइट आउटपुटवर लिहितो आणि संपतो. टाइमची सेवा आयनेटडीच्या स्वतःच्याच पोटात तयार असते. विद्यार्थ्याने आपली आज्ञावली दुसऱ्या एखाद्या मोकळ्या पोर्टवर बसवावी, म्हणजे दोहोंची उत्तरे ताडून पाहता येतील.

अडचणींचे दुसरे मूळ, म्हणजे संख्येची लांबी, येथून पुढे जाणवू लागते. नेटवर्कवर मोठ्या किमतीचा बाइट आधी जातो. १९७० सालारंभी ही सेवा २२०८९८८८०० ही संख्या पाठविती, आणि तिचे बाइट १३१, १७०, १२६, १२८ या क्रमाने निघते. पीडीपी-११ हीच संख्या स्मृतीत १७०, १३१, १२८, १२६ अशी ठेवतो: दोन शब्दांपैकी मोठा शब्द आधी, परंतु प्रत्येक शब्दात लहान बाइट आधी. हा क्रम ना नेटवर्कचा, ना व्हॅक्सचा. आलेले चार बाइट 'एनटोहल' या फलनातून न नेता तसेच वापरले, तर तारीख वीस वर्षांहून अधिक पुढे जाते, आणि घड्याळ दर सेकंदाला २५६ सेकंद धावू लागते, कारण सर्वांत लहान बाइट एका घराने वर चढलेला असतो. रोग ओळखण्याची ही अचूक खूण आहे.

याहून फसवा दोष आयपी पत्त्याचा. 'आयनेट-ॲडर' हे फलन अक्षरी पत्त्याचे बत्तीस बिटांच्या संख्येत रूपांतर करते. जुन्या सी भाषेत फलन आधी जाहीर केले नाही, तर कंपायलर त्याचे उत्तर साध्या 'इंट' प्रकारचे धरतो. व्हॅक्सवर 'इंट' बत्तीस बिटांचा असल्याने ही हयगय पचून जाते. पीडीपी-११ वर तो सोळा बिटांचा आहे. बत्तीस बिटांचे उत्तर दोन रजिस्टरांत येते व त्यांतील पहिलेच उचलले जाते. परिणामी १०.२०.३०.४० या पत्त्याचा ०.०.१०.२० होतो. कंपायलर चकार शब्द काढीत नाही आणि जोडणी मात्र होत नाही. व्हॅक्ससाठी लिहिलेली कोणतीही क्लायंट आज्ञावली येथे आणताना प्रथम तिच्यातील जाहीरनामे तपासावेत, मग नेटवर्कवर संशय घ्यावा. 'एलसीक' सारख्या फलनास शून्य देताना ते लांब शून्य म्हणून लिहावे लागते, हाही याच जातीचा नियम आहे.

वाचनासंबंधी एक सूचना पुरे. टीसीपी हा बाइटांचा अखंड ओघ असल्याने चार बाइट एकाच वाचनात येतील अशी हमी नसते. चार पुरे होईपर्यंत किंवा ओघ संपेपर्यंत वाचीत राहिले पाहिजे. एकाच खोलीतील यंत्रांत ही चूक सहसा उघडकीस येत नाही, म्हणूनच ती टिकून राहते.

सुरक्षिततेविषयी भ्रम नसावा. टेलनेट व एफटीपी परवलीचे शब्द उघडे पाठवितात, आणि आजची सांकेतिक आवरणे पेलण्याची शक्ती या यंत्रात नाही. म्हणून त्यास खासगी पत्त्यांच्या जाळ्यातच ठेवावे, सार्वजनिक इंटरनेटवर उघडे सोडू नये.

टाइम सेवेची बत्तीस बिटांची मोजणी ७ फेब्रुवारी २०३६ रोजी भरून पुन्हा शून्यावर येईल. क्लायंटला युनिक्सचा काळ काढण्यासाठी आलेल्या संख्येतून २२०८९८८८०० वजा करावे लागतात. आधुनिक यंत्रावर ही वजाबाकी चौसष्ट बिटांत केली, तर त्या दिवशी उत्तर १९०० साल येईल. पीडीपी-११ वर ती बत्तीस बिटांतच होते. हातचा बाहेर सांडून जातो आणि उत्तर बरोबर निघते. तेथील अडचण १९ जानेवारी २०३८ पर्यंत लांबते, कारण युनिक्सची चिन्हांकित बत्तीस बिटांची मोजणी त्या दिवशी संपते.