दशम स्थान आणि नेमणुकीचे पत्र

१९८६ सालच्या जून महिन्यात कोकणातल्या एका महाविद्यालयाचे नेमणुकीचे पत्र मला आले होते. विषय संख्याशास्त्र, जागा पूर्णवेळ. अण्णांनी ते पत्र आधी देवापुढे ठेवले, मग आमच्या गल्लीतल्या गुरुजींकडे नेले. गुरुजींनी माझी पत्रिका पाहिली. राहूची अंतर्दशा आहे, दक्षिण-पश्चिमेला जाऊ नये, दीड वर्ष थांबावे, असे त्यांनी सांगितले. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि मी गेले नाही. दीड वर्षाची तीन वर्षे झाली, तेव्हा कुठे मला आमच्याच गावात नोकरी लागली. ती मी निवृत्त होईपर्यंत केली, आणि आनंदाने केली.

गुरुजींचा सल्ला बरोबर होता की चूक? आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवूनही या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. कोकणात गेलेली मी कुणीच पाहिलेली नाही. अण्णा मात्र आपण मुलीला संकटातून वाचवले अशा समाधानात गेले.

हे सगळे पुन्हा आठवायचे कारण माझा भाचा. पुण्यातल्या एका कंपनीने यंदा माणसे कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. त्याची रास मेष. शनी २९ मार्च २०२५ रोजी मीनेत आला आणि मेषेची साडेसाती सुरू झाली. एवढे दोन धागे जुळल्यावर माझ्या वहिनींना आणखी पुरावा नको होता. आता मोठे काही करू नकोस, मिळेल ते धरून बस, असे त्यांनी मुलाला सांगितले. तो मला म्हणाला, "आत्या, तू आकडेवाली. तूच सांग."

म्हणून मी जुनी पुस्तके काढली. पत्रिकेतून व्यवसाय सांगण्याची परंपरा खरोखर जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त कर्माजीव नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. लग्नापासून किंवा चंद्रापासून दहाव्या स्थानी कोणता ग्रह आहे, यावरून पैसा कुणाकडून येईल ते ठरते. रवी असेल तर बापाकडून, चंद्र असेल तर आईकडून, मंगळ शत्रूकडून, बुध मित्राकडून, गुरू भावाकडून, शुक्र स्त्रीकडून आणि शनी चाकराकडून. दहावे स्थान रिकामे असेल तर दशमेश ज्या नवमांशात आहे त्याचा स्वामी पाहायचा. रवीकडे सोने, लोकर, औषधे. चंद्राकडे शेती आणि पाण्यातले जिन्नस. मंगळाकडे धातू, अग्नी, शस्त्रे. बुधाकडे लेखन, गणित, काव्य. शुक्राकडे रत्ने, चांदी, गाईम्हशी. शनीकडे ओझी वाहणे आणि कष्टाची कामे.

ही यादी मला आवडते. त्या काळच्या बाजारपेठेतून फेरफटका मारल्यासारखे वाटते. परंतु ती त्या काळच्या बाजारपेठेची यादी आहे, हेही तितकेच उघड आहे. तीत महिना पगार देणारी कंपनी नाही, लोकसेवा आयोग नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. आजचे ज्योतिषी संगणकाचे काम बुधाकडे देतात, काही जण राहूकडे. विमान कुणी शनीकडे देतो, कुणी राहूकडे. नवा धंदा निघाला की तो जवळच्या वाटणाऱ्या ग्रहाच्या खात्यावर चढवायचा, अशी ही पद्धत आहे. हे वाटप निरीक्षणातून आले असते, म्हणजे हजारो संगणक अभियंत्यांच्या पत्रिका पाहून बुध पुढे आला असता, तर गोष्ट वेगळी होती. तसे झालेले नाही. बुध म्हणजे बुद्धी आणि संगणक म्हणजे बुद्धीचे काम, एवढ्या शब्दसाम्यावर ते उभे आहे.

दुसरी अडचण गणिताची आहे, आणि ती महाराष्ट्रात विशेष आहे. आपल्याकडे दाते पंचांग चैत्र पक्षाचे अयनांश धरते, तर टिळक पंचांग रैवत पक्षाचे. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. चार अंश म्हणजे किती, हे विंशोत्तरी दशेत कळते. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते, म्हणजे चार अंशांनी नक्षत्राचा जवळजवळ तीस टक्के भाग सरकतो. जन्मवेळी शुक्राची वीस वर्षांची महादशा असेल आणि नक्षत्र दोन्हीकडे तेच राहिले असेल, तर पुढच्या सगळ्या दशा सहा वर्षांनी मागेपुढे होतात. एका पंचांगाने "आता गुरू सुरू झाला, बढती मिळेल" म्हणावे आणि दुसऱ्याने "अजून सहा वर्षे राहू आहे" म्हणावे. व्यवसायासाठी जी दशमांश कुंडली पाहतात, तिचे लग्न सुमारे बारा मिनिटांनी बदलते. प्रसूतिगृहातल्या घड्याळाकडे पाहून परिचारिकेने लिहिलेली वेळ किती मिनिटांनी चुकली असेल, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या बाळंतपणांवरून ठरवावे.

साडेसातीचा हिशेब तर पाटीवर मांडता येईल असा आहे. शनी ज्या राशीत असतो ती, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशींना साडेसाती असते. बारापैकी तीन. म्हणजे कोणत्याही दिवशी साधारण पाव समाज साडेसातीत असतो. चारशे माणसे कामाला असतील तिथे शंभरांच्या मागे शनी लागलेला असतो, आणि त्या शंभरांतल्या काहींना त्याच वर्षी बढतीही मिळते. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची आहे. त्यामुळे तिशी गाठेपर्यंत कुणीच यातून सुटत नाही. भाच्याच्या कंपनीतून ज्यांना काढले त्यांच्यात बाराही राशींचे लोक असतील. फरक एवढाच, की वृश्चिकेच्या मुलाच्या आईला वेगळे कारण शोधावे लागले असेल.

याची कधी नीट परीक्षा झाली आहे का? झाली आहे, आणि पुण्यातच. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली ती घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले, अशा दोनशे पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस द्यायच्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगायचे. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत वरचा आकडा चाळीसपैकी २४, त्याखाली दोघांचे २२, उरलेले चोवीस जण वीस किंवा त्याहून खाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

हा निकाल वाचला तेव्हा मी वर्गात एक उदाहरण करून घेतले होते. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले, तर त्यांतले तीन-चार जण निव्वळ योगायोगाने २४ किंवा अधिकचा पल्ला गाठतात. इथे एकानेच गाठला.

ही परीक्षा बुद्धिमत्तेची होती, नोकरीची नव्हे, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. पण जी पत्रिका इतका ठसठशीत फरक दाखवू शकत नाही, ती सरकारी नोकरी की खासगी, यंदा की पुढच्या वर्षी, असले बारीक फरक दाखवील, असे मानायला मला आधार सापडत नाही. नेमक्या व्यवसायाबद्दलचा दावा फ्रान्समध्ये मिशेल गोकेलँ यांनी १९५५ साली केला होता. नामांकित खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ आकाशात ठरावीक भागात जास्त वेळा असतो, असा तो दावा. त्यावर अनेक वर्षे वाद झाला, खेळाडू निवडले कसे यावरच तो अडला. पण समजा, तो खरा निघाला असता, तरी तो हजारो पत्रिकांच्या सरासरीतला बारीकसा कल होता. एका मुलाला एका सकाळी काय सांगावे, यासाठी त्याचा काहीही उपयोग नव्हता.

मग लोक जातात का? ती मूर्ख असतात म्हणून, असे मी म्हणणार नाही. अण्णा मूर्ख नव्हते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'तुमचे स्वभाववर्णन' म्हणून एकच मजकूर दिला. तो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हे कारण आहेच. पण मला वाटते, नोकरीच्या बाबतीत त्याहून मोठे कारण वेगळे आहे. स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा नापास झालेल्या मुलाला 'तुझे चुकले नाही, काळ बरा नव्हता' असे सांगणारे माणूस घरात नसते. ज्योतिषी अर्धा तास ऐकतो, तारीख देतो, आणि अपयशाचा धनी ग्रहाला करतो. आमचे गुरुजीही तसेच होते. मृदू बोलायचे, दक्षिणा मागायचे नाहीत.

या दिलाशाची किंमत मात्र कुठे नोंदली जात नाही. गुरुजींनी 'जा' म्हटले असते आणि माझे वाईट झाले असते, तर लोक म्हणाले असते, भविष्य चुकले. 'थांब' म्हटले की चुकण्याची शक्यताच संपते. न घेतलेल्या नोकरीचा पगार कुणी मोजत नाही, न केलेल्या अर्जाला नकार येत नाही. म्हणून थांबण्याचा सल्ला देणारा कायम शहाणा ठरतो. आणि बाविशी ते तिशी ही वर्षे अशी असतात, की तेव्हाच्या एका वर्षाच्या थांबण्याचा परिणाम निवृत्तिवेतनापर्यंत पोचतो. माझी तीन वर्षे माझ्या सेवापुस्तकात कधीच दिसली नाहीत.

भाच्याला मी यातले निम्मेच सांगितले. उरलेला वेळ आम्ही कागद घेऊन बसलो. शिल्लक किती महिने पुरेल, त्याला नेमके काय येते, काय शिकावे लागेल, त्याच्या ओळखीचे कोण कुठे आहे, नाशिकच्या कंपनीचा पगार कमी आहे तो किती चालेल. ती यादी करताना तो दोनदा उठून गेला. कुणी पत्रिका पाहत असते तर बहुधा बसून राहिला असता, कारण तिथे त्याला स्वतःबद्दल काही लिहावे लागले नसते.

वहिनी सगळे ऐकत होत्या. नाशिकचा अर्ज करायला त्यांची हरकत नव्हती, फक्त तो गुरुवारी पाठवावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी म्हटले, पाठवू दे. मग भाच्याने पाहिले तर अर्जाची मुदत बुधवारी रात्री बारापर्यंतच होती. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि देवापुढे दिवा लावून त्याला म्हणाल्या, "आत्ता पाठव."