निळ्या पाण्याचा जमाखर्च

सोन्याचांदीच्या व्यवसायात केरालाही मोल असते. कारागिराच्या बैठकीखालची धूळ, कानशीचा कीस, भट्टीतील राख आणि फुटक्या मुशींचे तुकडे यांपैकी काहीही सहसा फेकले जात नाही. सोनारांच्या दुकानांतील केर व राख धुऊन त्यांतील धातुकण वेचणाऱ्या झारेकऱ्यांचा तर स्वतंत्र व्यवसायच होता. मात्र धुळीतील कण निदान तळाशी बसतो. तेजाबात विरघळलेली चांदी डोळ्यांना दिसत नाही आणि गाळणीतही अडकत नाही. तिला परत मिळवून देण्याचे काम तांबे करते.

सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक भारतभर विखुरले आहेत. जुने सोने शुद्ध करण्याची एक प्रचलित रीत अशी : सोन्यात चांदी मिसळून सोन्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आणतात आणि ही मिश्रधातू शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, तापवतात. चांदी व तांबे विरघळतात आणि सोने तपकिरी चुऱ्याच्या रूपाने मागे राहते. सोने हाती आले, तरी मिसळलेली सारी चांदी त्या द्रावणातच असते.

या द्रावणात तांब्याचे स्वच्छ पत्रे सोडले, की थोड्याच वेळात त्यांवर करड्या चांदीचा लव चढू लागतो. तांबे चांदीपेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः विरघळते आणि चांदीला बाहेर काढते. द्रावण गडद निळे होत जाते. हिशेबाने १ किलो तांबे सुमारे ३.४ किलो चांदी परत देते. मात्र शिल्लक राहिलेले मोकळे तेजाबही तांबे खात असल्याने प्रत्यक्षात तांबे अधिक लागते. निथळलेल्या पाण्याच्या नमुन्यात मिठाचे पाणी घातल्यावर दह्यासारखा पांढरा साका आला, तर चांदी अजून शिल्लक आहे असे समजावे. साका आला नाही, की खाली बसलेला चांदीचा चुरा धुऊन, वाळवून मुशीत वितळवता येतो.

सोने अम्लराजात विरघळवून शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतही हाच नियम उपयोगी पडतो. तेथे मुख्य सोने आधीच साक्याच्या रूपाने वेगळे केलेले असते. उरलेल्या द्रावणात अल्पसे सोने, कधी प्लॅटिनम व पॅलेडियमही असते. अशी द्रावणे एका पिंपात साठवून त्यात तांबे सोडतात व ते कित्येक दिवस तसेच ठेवतात. प्लॅटिनम फार सावकाश उतरते. घाई केली तर ते पाण्याबरोबर वाहून जाते. स्टॅनस क्लोराइडच्या थेंबाने नमुना जांभळा झाला, तर सोने अद्याप द्रावणातच आहे हे कळते.

येथवरचा हिशेब नफ्याचा. परंतु चांदी जमा झाली, तेव्हा तिच्या बदल्यात तांबे पाण्याच्या नावे पडले, हे विसरता येत नाही. ते निळे पाणी मोरीत सोडले, तर त्यातील तांबे मासे व इतर जलचरांना मारक ठरते आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या सूक्ष्मजीवांचाही नाश करते. म्हणून काम पुढे चालू राहते. त्याच पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकले, की तांबे खाली उतरते आणि ते विकताही येते. शेवटी चुन्याने आम्लता घालवून उरलेले धातू गाळाच्या रूपात वेगळे करावे लागतात. हा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत संस्थेकडेच सोपवायचा असतो.

दुसरी नोंद कामगाराच्या श्वासाची. तेजाबातून उठणारा तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो छातीत गेल्यावर आरंभी विशेष त्रास जाणवत नाही. काही तासांनंतर फुप्फुसांत पाणी साचून जीवावर बेतू शकते. त्यामुळे धूर शोषून क्षाराच्या पाण्यात धुणारी यंत्रणा नसलेल्या खोलीत, घराच्या गच्चीवर वा दुकानाच्या मागच्या बाजूस हे काम करणे धोक्याचे आहे. मुलामा चढवण्याचे सायनाइडयुक्त पाणी तर या आम्लांच्या जवळपासही ठेवू नये. त्यांच्या संयोगाने प्राणघातक वायू निर्माण होतो.

सराफी पेढ्या स्वतः शुद्धीकरण क्वचितच करतात. माल बाहेर गाळायला दिला जातो. माल देताना कस, घट आणि मजुरी यांची चौकशी होतेच. निळे पाणी कोठे जाते आणि धूर कोण श्वासात घेतो, हे दोन प्रश्नही त्याच बैठकीत विचारले जायला हवेत. स्वस्त मजुरीचा खरा भार अनेकदा ओढ्याच्या पाण्यावर आणि भट्टीपुढे बसलेल्या तरुणाच्या छातीवर पडलेला असतो. वहीत तो लिहिलेला नसला, तरी देणे देणेच राहते.